बाल्कनीत बसून नेमकं बघायचं काय?

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे, पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. अलीकडे कशातच लक्ष लागत नाही. पानभर वाचून झालं की पहिल्या ओळीत काय होतं ते आठवत नाही. ध्यानाला बसले तर डोळे मिटायचा अवकाश, डब्याची भाजी आणि ऑफिसातली पेंडिंग कामं हजर. ध्यानाचं एक ॲपही घेतलं. एकदा त्यातला पावसाचा आवाज कानात लावून बसले होते आणि बाहेर खरा पाऊस येऊन गेला, हे मला दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून कळलं. निसर्गात जा, तो एकाग्रता शिकवतो, असं सगळे सांगतात, म्हणून ताम्हिणीला जाऊन आलो. दोनशे फोटो निघाले, पण आठवतंय ते ट्रॅफिक. रोज टेकडीवर जाणं मला जमणार नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बाल्कनीसमोर पर्जन्यवृक्षाचं मोठं झाड आहे, चार कुंड्या आहेत. एवढ्यावर काही शिकता येईल का? आणि नऊ वर्षांचा मुलगा मध्ये मध्ये येऊन बसतो, त्याला बसू द्यावं का?

उत्तर : शिकता येईल, आणि ताम्हिणीपेक्षा लवकर. नव्या ठिकाणी सगळंच नवं असतं. नजर या धबधब्यावरून त्या कड्यावर उड्या मारते आणि काहीच पकडीत येत नाही, कारण कशाशी ताडून बघायचं हेच ठाऊक नसतं. समोरचं झाड काल कसं होतं ते माहीत असेल, तर आज त्यात काय बदललं ते दिसतं. म्हणून जागा एकच, झाड एकच आणि जमेल तोवर वेळही तीच.

आधी एक गल्लत दूर करू. झाडांत गेल्यावर डोकं हलकं होतं, ती विश्रांती. लक्ष टिकवता येणं हे कौशल्य. विश्रांती आपोआप मिळते, कौशल्य कमवावं लागतं. आणि ‘निसर्गात जा’ म्हणणारे बहुतेक जण पहिल्याचं वर्णन करून दुसऱ्याचं आश्वासन देतात. वनस्नान (म्हणजे जंगलात शांतपणे वेळ घालवणं) वगैरे नावांनी हल्ली जी पॅकेजं विकली जातात, त्यांतही हाच घोळ असतो.

विश्रांतीचं कारण मिशिगन विद्यापीठातल्या स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलं आहे. आकडे जुळवताना आपण लक्ष लावतो, तेव्हा इकडेतिकडे पळणारं मन सतत ओढून धरावं लागतं आणि ती ताकद दिवसभरात संपत जाते. पानांची सळसळ, सरकणारे ढग, मुंग्यांची रांग या गोष्टी लक्ष वेधतात पण त्यासाठी जोर लावावा लागत नाही. तेवढ्यात थकलेली ताकद भरून येते. त्याच विद्यापीठात मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना आकड्यांची मालिका ऐकवून ती उलट्या क्रमाने म्हणायला सांगायचं, मग सुमारे पन्नास मिनिटं चालायला पाठवायचं, एका खेपेला वृक्षोद्यानात आणि दुसऱ्या खेपेला शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावर, आणि परत आल्यावर पुन्हा आकडे. झाडांतून आल्यावर आकडे जास्त आठवले. तुमच्या कामाचा भाग मात्र पुढे आहे. कडाक्याच्या थंडीत फिरायला लागलेल्यांना ते चालणं फारसं आवडलं नव्हतं, तरी फायदा झालाच. म्हणजे बाल्कनीत बसल्यावर प्रसन्न, शांत वगैरे वाटलंच पाहिजे अशी काही अट नाही. कंटाळा आला तर येऊ द्या.

आता कौशल्याकडे. डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवणं अनेकांना जमतं, तुम्हाला जमत नाही. त्यात तुमचा दोष नाही. श्वासात नवं असं फार कमी घडतं आणि डोळे मिटले की आतली यादी मोठ्याने बोलू लागते. डोळे उघडे ठेवून बाहेर बघायचं असेल तर मनाला काम मिळतं, पण ते काम नेमकं हवं. ‘झाड बघा’ एवढं सांगून भागत नाही, दोन मिनिटांत झाड बघून संपतं. असा प्रश्न हवा, की ज्याचं उत्तर फक्त ते झाडच देऊ शकेल आणि तेही तुम्ही तिथे बसलात तरच. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

बसायची व्यवस्था साधी करा. प्लॅस्टिकचं स्टूल किंवा खुर्ची कठड्याला चिकटून नको, दोनतीन फूट आत, पाठ भिंतीला. कठड्यावर वाकलेल्या माणसाची आकृती ठळक दिसते आणि पाखरं बिचकतात. भिंतीच्या सावलीत बसलेल्या माणसाला ती लवकर विसरतात. फोन घरात, दुसऱ्या खोलीत. उलटा करून मांडीवर ठेवलेला फोनही चालणार नाही, कारण निम्मं मन त्याच्यावरच असतं. वेळेसाठी मनगटी घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर. शंभर पानी वही आणि पेन्सिल. दुर्बीण सध्या नको. दोनतीन महिन्यांनी वाटलंच तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, त्याहून जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि चित्र स्थिर राहत नाही.

वेळ? पुस्तकं पहाट सांगतात, पण सकाळी सव्वासहा ते सव्वासात हा तुमचा डब्याचा वेळ असणार. तेव्हा डबे झाल्यावर जो चहा तुम्ही उभ्याने घेता तो बसून घ्या. आठवड्यातून पाच दिवस बारा मिनिटं, आणि रविवारी संध्याकाळी सूर्यास्ताआधीचा एक सलग तास. बारा मिनिटं कमी वाटतील, पण त्याहून खाली येऊ नका. तुम्ही बाहेर येऊन बसलात की आसपासचे पक्षी गप्प होतात किंवा सरकतात, आणि त्यांचं नेहमीचं काम पुन्हा सुरू व्हायला सात-आठ मिनिटं सहज लागतात. नेमक्या त्याच सुमाराला माणूस कंटाळून उठतो आणि ‘आमच्या इथे काही दिसत नाही’ म्हणतो.

पहिला आठवडा कानांचा. वहीच्या पानाच्या मधोमध एक फुली मारा, ती तुम्ही. मग जो आवाज येईल तो त्याच्या दिशेला आणि अंतराला धरून पानावर टिपा. नाव माहीत नसेल तर ‘टुक टुक’, ‘खरखर’, ‘शिट्टी, शेवटी वर जाणारी’ असं लिहा. स्कूटर, कुकर, लिफ्टचं दारही मांडा; ते वगळायला गेलात तर ऐकण्याऐवजी निवड करत बसाल. फेब्रुवारी संपत आला आहे, त्यामुळे तांबट हमखास मिळेल. चिमणीएवढा हिरवा पक्षी, लाल कपाळ, आणि तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी टुक टुक, मिनिटाला शंभराच्या आसपास. तो बोलताना डोकं इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी उजवीकडून. तो नेमका कुठल्या फांदीवर आहे हे केवळ कानांनी ठरवायचा प्रयत्न करा, मग डोळ्यांनी पडताळा. यात तीन-चार मिनिटं कशी जातात ते कळत नाही, आणि तेवढ्यात डब्याची भाजी आठवलेली नसते.

दुसऱ्या आठवड्यात नजर पसरायला शिका. दोन्ही हात समोर धरून बोटं हलवत हळूहळू बाजूंना न्या, मान सरळ आणि नजर समोर. बोटांची हालचाल जेमतेम जाणवेल तिथे थांबा. तेवढं सगळं एकाच वेळी दिसत ठेवायचं, कशावरही रोखून बघायचं नाही. हात खाली घ्या आणि तीन मिनिटं तसेच राहा. दृष्टीच्या कडेला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल चांगली टिपली जाते. शिंपी पक्षी पानांआडून सरकला, खार उलटी उतरली, तर ते रोखून बघणाऱ्यापेक्षा पसरट बघणाऱ्याला आधी कळतं. स्क्रीनवर दिवस काढणाऱ्या डोळ्यांना ही नजर सुरुवातीला टिकवता येत नाही, दहा सेकंदांत ती कुठेतरी जाऊन चिकटते. चिकटली की पुन्हा पसरायची. रागवायचं नाही स्वतःवर, त्यातच वेळ जातो.

आणि मग तुमचं झाड. पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पण या अभ्यासासाठी त्याच्याइतकं सोयीचं झाड शोधून मिळणार नाही, कारण ते रोज डोळ्यांदेखत हलतं. त्याची पानं संयुक्त असतात, चिंचेसारखी पण पर्णिका बऱ्याच मोठ्या. संध्याकाळी या पर्णिका मिटतात, सकाळी उघडतात. मलेशियात लोक त्याला पाच वाजताचं झाड म्हणतात ते यामुळेच. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक बारीक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरलं आणि दुसऱ्या बाजूचं ओसरलं की पर्णिका फिरते. दिवसा आभाळ गच्च भरून आलं तरी पानं मिटतात.

रविवारच्या तासाला हा प्रश्न घेऊन बसा : मिटायला सुरुवात कुठून होते? पूर्वेकडच्या फांद्यांपासून की पश्चिमेकडच्या, शेंड्याकडून की बुडाकडून, की सगळीकडे एकदम? एक फांदी ठरवा, तिच्यावरचं एक पान ठरवा, आणि दर पाच मिनिटांनी त्याचं चित्र काढा. चित्र म्हणजे मधली शीर आणि पर्णिकांच्या रेघा, बस. चित्रकला येत नाही ही सबब इथे लागू नाही, कारण रेघ कुठल्या कोनात आहे तेवढंच हवं आहे. पान मिटताना तुम्हाला दिसणार नाही. मिटलेलं दिसेल, आणि मघाच्या चित्राशी ताडल्यावरच ते मिटलं हे कळेल. पुढच्या रविवारी आकाश ढगाळ असेल तर पुन्हा तीच फांदी. सध्या झाड निम्मी पानं गाळत असेल, म्हणून फांदी निवडताना पानं शाबूत असलेली घ्या. मार्चपासून गुलाबी झुपक्यांची फुलं आणि नवी पालवी येईल; कोवळी पानंही म्हाताऱ्या पानांइतकीच वक्तशीर असतात का, हा पुढचा प्रश्न.

असल्या साध्या प्रश्नांना कमी लेखू नका. झॉं-झाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूच्या जातीचं रोप अंधाऱ्या जागी ठेवून पाहिलं. सूर्य दिसत नसतानाही पानं वेळच्या वेळी उघडमीट करत राहिली. सजीवांच्या आतल्या घड्याळाचा अभ्यास सुरू झाला तो तिथून. आपल्याकडे सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत अशीच आडोशाला बसून दिवसचे दिवस पाहिली. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर मुक्काम करते; मग नर ते पुरं करतो आणि दुसरीसाठी नवं विणायला घेतो, हे त्यांना त्यातून कळलं. त्या वेळी त्यांच्या हाताला नोकरी नव्हती, हेही खरं. तुम्हाला आहे, म्हणून रविवारचा तास.

आता वही. रोज बसून झाल्यावर दोन मिनिटांत लिहायचं, आणि पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं ते, उजवीकडे तुमचा अंदाज. ही रेघ या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. उदाहरणार्थ, डावीकडे : ‘७.२२, खार खोडावर, डोकं खाली, शेपटीला झटके, प्रत्येक झटक्याला चिक्. तीन मिनिटं सलग. बुलबुल दोन, जवळच्या फांदीवर, तेही ओरडत.’ उजवीकडे : ‘खाली मांजर?’ मग मान वळवून किंवा उठून बघा, मांजर आहे का. असेल तर तसं लिहा, नसेल तर तेही लिहा. खार वर बघत ओरडते तेव्हा वेगळं काही असतं का? सगळे पक्षी एकाएकी चिडीचूप झाले तर आकाशात शिक्रा, हा शिकारी पक्षी, आहे का? महिनाभराच्या नोंदी झाल्या की ऑफिसच्या गडबडीतसुद्धा खारीचा आवाज ऐकून मान नेमक्या बाजूला वळते. त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

रेघ न मारल्यास काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, कबुतर, अजगर, मधमाशी, कोळी आहेत. बाण घडवण्यात इतका गढलेला कारागीर आहे की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही. आणि शेवटी आहे कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि अखेर कुंभारीणच होऊन बाहेर पडते, अशी ती समजूत. पाहणं अचूक होतं : अळी आत गेली हे खरं, काही दिवसांनी कुंभारीण बाहेर आली हेही खरं. मधला भाग अंदाजाचा होता.

ही कुंभारीण तुमच्या घरातही येत असेल. खिडकीच्या चौकटीत, पडद्यामागे, स्विचबोर्डाच्या कडेला मातीचा गोळा चिकटवून जाते तीच. झाडूने उडवण्याआधी एकदा बघा. ती तोंडात मातीची ओली गोळी घेऊन येते, पुढच्या पायांनी आणि जबड्याने ती पट्टीसारखी पसरते. ताजी पट्टी गडद आणि चमकदार असते, वाळली की फिकी पडते, त्यामुळे रंगावरून आजचं काम किती आणि मघाचं किती ते ओळखू येतं. काही जातींत माती लावताना बारीक गुणगुण ऐकू येते. गाडग्याच्या आकाराचं घर करणारी जात आत आधी एक अंडं घालते, छताला धाग्याने टांगलेलं, आणि मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या आणून भरते. काही जाती अळ्यांऐवजी कोळी भरतात. तोंड लिंपून ती निघून जाते. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो साठा खाऊन वाढतं आणि भिंत फोडून बाहेर येतं. ती एकांडी असते, हातात धरल्याशिवाय सहसा डंख करत नाही. दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो, एका घराला किती गोळ्या लागतात, हे मोजायला बसलात तर सुट्टीची सकाळ सहज जाईल.

अवधूताची गोष्ट त्यामुळे खोटी पडते असं नाही, तिचा हेतू वेगळा आहे. पण ऑफिसात साहेब ‘गुड मॉर्निंग’ न म्हणता गेले, हे डावीकडचं; ते माझ्यावर चिडले आहेत, हे उजवीकडचं. तुमचं मन दिवसभर थकतं ते बऱ्याच अंशी उजव्या बाजूच्या मजकुराने, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. खारीवर महिनाभर सराव केला की ही रेघ माणसांच्या बाबतीतही मारता येते. आधी माणसांवर करायला जाऊ नका. तिथे भावना गुंतलेल्या असतात, सराव नीट होत नाही.

चुकतं कुठे, तेही सांगतो. सगळ्यांत मोठी अडचण नावांची. पक्षी दिसला, ॲपने नाव सांगितलं, की बघणं संपलं. नावं जरूर शिका, पण उठून आत गेल्यावर. बाहेर असताना आधी आकार, शेपटीची चाल, चोचीची ठेवण, तो काय करतोय ते. थिरथिऱ्या हे नाव कळायच्या आधी त्याची शेपूट सतत थरथरते हे तुम्ही स्वतः टिपलेलं असेल, तर ते नाव विसरणार नाही. हा हिवाळी पाहुणा कंपाउंडच्या भिंतीवर बसत असेल, तर त्याचा शेवटचा दिवस पकडायचा प्रयत्न करा. गंमत अशी, की आजचा दिवस शेवटचा होता हे त्या दिवशी कधीच कळत नाही. म्हणून रोज नोंद लागते. कोकिळेचंही तसंच. कुहू कुहू करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज घाईघाईचा किक् किक् किक्. आजवर ऐकूनही दोन्ही आवाज एकाच जातीचे म्हणून जोडले नव्हते, असं पुष्कळ जण सांगतात.

दुसरी चूक, दाणे टाकणं. पाखरं जवळ यावीत म्हणून ज्वारी-तांदूळ टाकलेत की आठवड्यात पारवे कब्जा करतील, बाकीचे मागे हटतील, विष्ठेची धूळ श्वासात जाऊन छातीचा त्रास व्हायचा धोका वेगळाच. पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, दोन इंचांहून कमी खोल, रोज धुऊन पाणी बदलायचं. कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं साचलेलं पाणीही ओतून द्या. डेंगीचे डास दिवसा चावतात, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी, म्हणजे नेमक्या तुमच्या वेळांना. लांब बाह्यांचे कपडे घाला. सूर्यपक्ष्याने वेलीवर लोंबतं घरटं बांधलं तर खुर्ची दूर हलवा आणि ते पिल्लं उडेपर्यंत फोटोसाठीसुद्धा जवळ जाऊ नका.

तिसरी, जोर लावणं. मन भरकटणारच. भरकटलं हे लक्षात आलं की स्वतःला विचारा, आत्ता सगळ्यांत लांबचा आवाज कोणता? तो शोधायला बाहेर यावंच लागतं. बारा मिनिटांत वीस वेळा असं करावं लागलं तरी तो दिवस वाया गेला असं समजू नका; परत येण्याचा सराव वीस वेळा झाला. आणि नव्याचे नऊ दिवस संपले की दोनतीन दिवस खाडा होईल. बुडालेले दिवस भरून काढायला एकदम तासभर बसू नका, बारा मिनिटांवरच परत या.

महिन्यातून एकदा वेताळ टेकडीवर किंवा पाषाण तलावाच्या काठी जायला हरकत नाही, मात्र चालत सुटू नका. एका जागी पाऊण तास बसा, फोटो शेवटच्या पाच मिनिटांत. जूनमध्ये पावशाची ‘पेरते व्हा’ ऐकू आली तर वहीत तारीख घाला, आणि पहिला मोठा पाऊस कितव्या दिवशी झाला तेही. पावशा पावसाची वर्दी देतो हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत; तुमच्या वहीत ते अंतर किती निघतं ते बघा.

एक गोष्ट बाल्कनीच्या बाहेरची. वाचलेलं न आठवणं हे अलीकडचं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. झोप किती आणि कशी लागते ते सांगा. तुमच्या वयात पाळी जाण्याआधीच्या वर्षांतले बदलही लक्षावर आणि झोपेवर परिणाम करतात, स्त्रीरोगतज्ज्ञांशी तेही बोला. सोबत उदास वाटत असेल, कशात रस वाटत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. झाडाकडे बघणं हा उपचारांना पर्याय नाही.

मुलाला बसू द्या, पण तुमच्या पाचपैकी दोनच दिवस; उरलेले तीन तुमचे. नऊ वर्षांच्या मुलासाठी सहा-सात मिनिटं पुरेत. त्याला ‘गप्प बस’ असं सांगू नका, काम द्या : कुंडीतल्या मुंग्या समोरासमोर आल्या की काय करतात, दर वेळी मिशा लावतात की कधी कधी? दहा भेटी मोजून सांग. साखरेचा एक दाणा आणि तेवढाच पोळीचा तुकडा चार इंचांवर ठेवून आधी कुठे गर्दी होते ते बघायला सांगा. तो जे सांगेल त्यावर लगेच ‘बरोबर’, ‘चूक’ म्हणू नका, ‘तुला हे दिसलं की वाटलं?’ एवढंच विचारा. त्याची वही वेगळी ठेवा आणि तीत शुद्धलेखन तपासू नका. फोन मागितला तर तुमचा कुठे आहे ते दाखवा, आतल्या खोलीत. आणि सात मिनिटांनी तो उठला तर उठू द्या. दार सरकवल्याच्या आवाजाने पाखरं पुन्हा गप्प होतील. तुमची पाच मिनिटं उरलेली असतील, तेवढ्यात आधी कोण बोलायला लागतं ते लिहून ठेवा.